बाळ एनआयसीयूत असताना डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप: दीड महिना वापरून लिहितेय

बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आणि आपण बाहेर, अशा आईसाठी हा रिव्ह्यू आहे. आमचं पिल्लू 31व्या आठवड्यात झालं, वजन 1340 ग्रॅम. एवढ्याशा जिवाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही, ते साधारण 34 आठवड्यांच्या आसपास जमायला लागतं, तोवर तोंडातून पोटात घातलेल्या बारीक नळीनेच दूध. म्हणजे अंगावर ओढणारं कोणी नाही आणि दूध मात्र आटू द्यायचं नाही, म्हणून पंप घेतला.

पण पहिले दोन-तीन दिवस तो खोक्यातच राहू दे. चीक घट्ट असतो, थेंब थेंब येतो, पंपाने काढला तर निम्मा बाटलीलाच चिकटून बसतो. सिस्टरनी हाताने काढायला शिकवलं, पहिल्या वेळी जेमतेम दीड एमएल निघाला आणि ती सिरिंज हातात धरून मला रडूच फुटलं, एवढंसं काय देणार त्याला. त्या म्हणाल्या, अहो ताई, त्याचं फीडच 2 एमएलचं आहे, दर दोन तासांनी. मग त्यातलाच एक थेंब कापसाच्या काडीने त्याच्या गालाच्या आतून फिरवला तर ओठ हलले हो त्याचे!

चौथ्या दिवसापासून पंप. दोन्ही बाजू एकदम होतात हाच याचा खरा फायदा, 24 तासांत आठ वेळा बसायचं, त्यातलं एकदा तरी रात्री, रात्रीचं अजिबात चुकवू नका, तेव्हा प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं हार्मोन, जास्त असतं. एकेक बाजू करत बसले असते तर झोप कधी मिळाली असती? मशीन आधी भराभर हलकं ओढतं, दूध सुटलं की सावकाश आणि खोल ओढतं, ते छान आहे. सक्शन वाढवलं की दूध वाढेल असं मला वाटलं आणि निपलला चीर पडली, तसं करू नका, दुखणार नाही तेवढंच ठेवा.

तक्रार एकच पण मोठी, फनेल, म्हणजे छातीला लावायचा नरसाळ्यासारखा भाग. खोक्यात एकच साइज, 24 मिमी, मला मोठं होत होतं, आजूबाजूची कातडी पण आत ओढली जायची. आठवडाभर मी समजत होते मलाच दूध कमी आहे. 21चं वेगळं मागवलं तर दुखणंही थांबलं आणि दूधही वाढलं. निपल मोजून मगच घ्या.

आणखी एक, कांगारू केअर (बाळाला आपल्या उघड्या छातीशी धरून बसणं) करून आल्या आल्या पंप लावला की मला जास्त दूध यायचं, त्याच्या डोक्याचा वास अंगाला असायचा तेव्हा. पुढे डॉक्टरांनी माझ्याच दुधात फॉर्टिफायर, म्हणजे दुधाचं पोषण वाढवणारं मिश्रण, घालायला सुरुवात केली, मी घाबरले की माझं दूध पुरत नाही की काय, पण तसं नाही, इतक्या कमी वजनाच्या बाळाला प्रोटीन, कॅल्शियम, फॉस्फरस जास्त लागतं म्हणून घालतात. आईच्या दुधाने आतड्याच्या एनईसी नावाच्या गंभीर आजाराचा धोका कमी होतो, म्हणून प्रत्येक एमएल जपायचा.

साफसफाई कंटाळवाणी आहे, दर वेळी सगळे पार्ट सुटे करून धुवायचे, पण बाळ इतकं नाजूक असताना तिथे सूट नाही.

पाचपैकी चार स्टार, एक फनेलपायी गेला. आता 2100 ग्रॅम आहे तो, नळी निघाली, आधी वाटी-चमच्याने घ्यायचा, आता अंगावर पितो, मधे दमून थांबतो आणि परत लागतो. पंप फक्त रात्री एकदा लागतो.