पाच बाटल्या, नऊ महिने: त्रेंतोच्या फेरारी स्पार्कलिंग वाइनचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीला वन्सं आणि भाऊजी इटलीतल्या त्रेंतोहून इंदूरला आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत स्वेटरांत गुंडाळलेल्या पाच बाटल्या होत्या. परदेशातून येताना माणशी दोन लिटर वाइन ड्यूटी न भरता आणता येते. दोघांचे मिळून चार लिटर आणि बाटली पाऊण लिटरची, म्हणून पाच. चार 'फेरारी ब्रूत' आणि एक 'फेरारी पेर्ले'. पाचवी बाटली परवा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात उघडली. नऊ महिन्यांत एकाच घराण्याची वाइन वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या पदार्थांबरोबर घेतली आणि माझं मत दोनदा बदललं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नावाचा खुलासा. मोटारवाल्या फेरारीशी ह्यांचा काही संबंध नाही. इटालियनमध्ये फेरारी म्हणजे लोहार, आणि तिकडे हे आडनाव गल्लोगल्ली आहे. जूल्यो फेरारी ह्या माणसाने 1902 साली त्रेंतोत हा कारखाना सुरू केला. फ्रान्सच्या शँपेन भागात काम करून आल्यावर त्यांना वाटलं, आपल्या डोंगरातही अशी वाइन होईल. त्यासाठी शार्दोने जातीची द्राक्षं त्यांनी त्रेंतीनोत, म्हणजे त्रेंतोच्या आसपासच्या प्रांतात, आणून लावली. मूलबाळ नव्हतं, तेव्हा आपल्यामागे हे कोण सांभाळेल ह्याचा त्यांनी नीट शोध घेतला आणि 1952 मध्ये ब्रूनो लुनेल्ली नावाच्या, त्रेंतोतच वाइनचं दुकान चालवणाऱ्या माणसाच्या हाती सगळं सोपवलं. तेव्हा वर्षाला दहा हजार बाटल्याही निघत नव्हत्या. विकल्यावरही जूल्यो 1965 मध्ये वारेपर्यंत त्याच तळघरात काम करत राहिले. हे भाऊजींनी सांगितलं तेव्हा मला गलबलून आलं. स्वतः उभं केलेलं दुसऱ्याच्या नावावर करून द्यायचं आणि तरी रोज त्याच कामावर जायचं, ह्याला फार मोठं मन लागतं.

आता लुनेल्लींची तिसरी पिढी कारभार बघते. बाटल्या लाखोंनी निघतात, त्यामुळे घराण्याचा धंदा म्हटल्यावर चार एकरांची बाग डोळ्यासमोर आणू नका. स्वतःच्या बागा सेंद्रिय पद्धतीने राखतात आणि त्याखेरीज पाचशेच्या वर शेतकरी कुटुंबांकडून द्राक्षं घेतात. एवढा पसारा असूनही घराण्याचा हात कुठे दिसतो, तर थांबण्याच्या तयारीत. त्याकडे पुढे येतेच.

पहिली बाटली आम्ही लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी उघडली आणि सगळंच चुकलं. बाटली जेमतेम अर्धा तास फ्रीजमध्ये होती. मुलाने सिनेमात बघितल्यासारखं बूच उडवलं, तिसरा हिस्सा फेस होऊन ओट्यावर गेला. वर सोबत काय, तर अनारसे आणि बेसनाचे लाडू! गोडावर ही वाइन इतकी आंबट लागली की आमच्या ह्यांनी पेला बाजूलाच ठेवला. ब्रूत म्हणजे जवळजवळ कोरडी, लिटरमध्ये बारा ग्रॅमहून कमी साखर असलेली. तोंडात लाडवाचा गोडवा असताना तिच्यातलं फळ हरवतं आणि उरते ती फक्त आम्लता. त्या दिवशी माझं मत झालं होतं की हा नुसता नावाचा थाट आहे.

पण त्याच संध्याकाळी एक गोष्ट घडली. सासूबाई अशा गोष्टींना हात लावत नाहीत. त्यांनी पेला नुसता नाकाशी नेला आणि म्हणाल्या, ''अगं, ह्याला तुझ्या ओव्हनचा वास येतोय.'' मी घरून पाव करून विकते, गेली सहा वर्षं. पेला हातात घेतला आणि खरंच, पाव ओव्हनमधून काढून जाळीवर ठेवल्यावर कवच तडतडताना जो वास सुटतो, तोच. मागून हिरव्या सफरचंदाचा. मग मी वन्संच्या मागे लागले, हे कसं करतात ते मला पहिल्यापासून सांगा.

जे कळलं ते असं. द्राक्षं हाताने तोडतात, त्रेंतोदोक ह्या शिक्क्यासाठी तसा नियमच आहे. हा भौगोलिक शिक्का 1993 पासूनचा. रसाची आधी साधी, बुडबुड्यांविना वाइन होते. ती बाटलीत भरताना लिटरला चोवीसेक ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात आणि वर सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण दाबतात. आत पुन्हा आंबायला लागतं. बाहेर जायला वाट नसल्याने सगळा वायू वाइनमध्येच विरघळतो आणि दाब सहा वातावरणांच्या आसपास जातो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या अडीच-तीनपट. साखर संपली की यीस्ट मरतं आणि बाटलीच्या पोटाशी साका धरतो.

इथून पुढे खरं काम वेळ करतो. बाटल्या गार, अंधाऱ्या तळघरात त्या साक्यावर आडव्या पडून राहतात. मेलेलं यीस्ट हळूहळू विरघळून त्यातला ऐवज वाइनमध्ये उतरतो. पावाचा वास येतो तो इथून. सासूबाईंच्या नाकाने बरोबर पकडलं होतं. पाव फुगवणारं आणि ही वाइन आंबवणारं यीस्ट एकाच जातीचं. माझ्या कणकेत जे रात्रभरात होतं त्याला इथे वर्षं देतात. नियमाने साध्या त्रेंतोदोकला किमान 15 महिने साक्यावर ठेवावं लागतं, ठरावीक सालाच्या वाइनला 24 आणि रिझेर्व्हा ह्या वरच्या दर्जाच्या वाइनला 36. फेरारीवाले ब्रूतलासुद्धा दीड वर्षाहून जास्त ठेवतात. शेवटी बाटल्या थोड्या थोड्या फिरवत उलट्या करत नेतात, साका झाकणाशी जमतो, मानेचा भाग गोठवतात, झाकण काढलं की बर्फाचा तो खडा आतल्या दाबाने उडून जातो. मग किंचित गोडी घालून, खरं बूच आणि वर तारेची जाळी.

ब्रूनो ह्यांचा मुलगा माउरो ह्याने 1972 च्या पिकाच्या काही बाटल्या अशाच वर्षानुवर्षं पडून राहू दिल्या. त्यातून संस्थापकाच्या नावाची, 'जूल्यो फेरारी', त्यांची सर्वांत मानाची वाइन निघाली. आज ती दहा वर्षांच्या आसपास साक्यावर असते. माझ्या हाती आली नाही, म्हणून चवीबद्दल बोलत नाही. पण धंद्यात पैसा अडकवून दहा वर्षं स्वस्थ बसायचं, हे ज्याला पुढची पिढी दिसते तोच करू शकतो.

आम्लतेचं कारणही वन्संनी सांगितलं. बागा डोंगरउतारावर, वेल मांडवावर चढवलेले. दिवसा कडक ऊन, दुपारनंतर गार्दा सरोवराकडून वारा येतो, रात्री डोंगरावरून थंडी उतरते. त्या थंडीने द्राक्षातला आंबटपणा टिकतो. आपल्या नाशिकलाही ह्याच पद्धतीने स्पार्कलिंग वाइन होते, पण तिथली तोडणी जानेवारी ते मार्चमधली. ऊन चढत जातं, तेव्हा आंबटपणा हातचा जाऊ नये म्हणून द्राक्षं वेळेआधी उतरवावी लागतात. त्रेंतोत तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरची.

दुसरी बाटली डिसेंबरात, गराडूबरोबर. इंदूरच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: गराडू हा थंडीतला कंद. सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की ठेल्यांवर गराडूच्या कढया चढतात. मी कच्चे आणून घरीच केले. फोडी एकदा मऊ तळल्या, गार केल्या, खायच्या वेळी पुन्हा कडक तळून वर लिंबू आणि जिरावन, म्हणजे आमचा इंदुरी चटपटीत मसाला. बाटली ह्या खेपेला चार तास फ्रीजमध्ये. जाळीच्या तारेला सहा अर्धे वळसे देऊन ती सैल केली, बूच एका हातात घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवली. हळूच फुस्स झालं, थेंब सांडला नाही. पसरट पेले ठेवून दिले, साधे उंच वाइन ग्लास घेतले.

एक फोड, एक घोट. तेलाचा थर जिभेवरून उतरला, लिंबाला लिंबाची जोड मिळाली आणि कडक कवचाचा खरपूसपणा वाइनमधल्या पावाच्या वासाशी जाऊन मिळाला. जिरावनातलं काळं मीठ आणि सुंठ ह्यांनी ती आणखी फळाळ लागायला लागली. दिवाळीला पेला बाजूला ठेवणारे आमचे हे तीन ग्लास होईपर्यंत उठले नाहीत. माझं मत इथे पहिल्यांदा फिरलं. तळलेलं, खारट, थोडं आंबट, म्हणजे आपलं अर्धं स्वयंपाकघर, ह्या वाइनचं जिवाभावाचं सोबती आहे. तिसरी बाटली रंगपंचमीला, गेर म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक बघून आल्यावर, कोथिंबीर वडी आणि साबुदाणा वड्याबरोबर घेतली, तीही उत्तम. पोह्यांशी मात्र जमलं नाही. इंदुरी पोह्यांत गोडसरपणा आणि बडीशेप असते, ती वाइनला दाबून टाकते.

त्या दिवशी अर्धी बाटली उरली. मानेला दोन्ही बाजूंनी पकडणारं स्प्रिंगचं झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशी बुडबुडे बऱ्यापैकी शाबूत होते. बाटलीच्या तोंडात चमचा उलटा घालून ठेवतात, त्याने काहीही होत नाही. दीडशे-दोनशे रुपयांचं झाकण घ्या.

चौथी बाटली मी स्वतः घालवली. फ्रीजमध्ये आंबे आले, जागा हवी होती, म्हणून एप्रिलअखेर ती स्वयंपाकघराच्या माळ्यावर उभी ठेवली. मे महिन्यात इंदूरला बाहेर बेचाळीस आणि माझा ओव्हन रोज चार तास चालू, माळ्यावर काय झालं असेल कल्पना करा. जूनमध्ये उघडली तर रंग गडद, वास वाळलेल्या सफरचंदाच्या फोडींसारखा, बुडबुडे होते पण चव थकलेली. ज्या बाटलीला लोकांनी तळघरात एवढं जपलं तिला मी सहा आठवड्यांत मारलं, ह्याचं मला मनापासून वाईट वाटलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही वाइन घरात उघड्यावर ठेवू नका. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, आडवी, दिव्यापासून लांब.

त्रेंतोत ब्रूत वीस-पंचवीस युरोंच्या घरात मिळते, पेर्ले त्याहून बरीच महाग. तेवढे पैसे नुसतं बूच उडवायला घालवायचे असतील तर ही घेऊ नका, स्वस्तातली कुठलीही चालेल.

आणि आता पेर्ले. ही एकाच सालाच्या शार्दोनेची, चार वर्षांहून जास्त साक्यावर राहिलेली. पहिला चांगला पाऊस पडला त्या संध्याकाळी उघडली, भुट्ट्याच्या किसाबरोबर. कोवळी कणसं किसून तुपात परतलेली, दूध आटवून मुरवलेली, वर ओलं खोबरं. बुडबुडे इतके बारीक की ग्लासच्या तळातून दोऱ्यासारखे वर येत होते. वास पावाचा नव्हता, लोणी लावून भाजलेल्या पावाचा होता, मागून बदाम. ब्रूत तेल कापते. ही कापत नव्हती, दुधाच्या त्या मऊपणाशेजारी बसून होती. माझं मत दुसऱ्यांदा फिरलं ते इथे, कारण तोवर मी समजत होते की दीड वर्ष आणि चार वर्षं ह्यांतला फरक फक्त जाणकारांना कळतो. सासूबाईंना पुन्हा ग्लास दिला. त्यांनी वास घेतला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ''हा कालचा पाव नाही गं, हा टोस्ट आहे.''

ह्या दिवाळीला वन्सं पुन्हा येतायत. मी कळवलंय, ह्या खेपेला तीन ब्रूत आणि दोन पेर्ले आणा. फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा करून ठेवलाय.