श्वासाची चाचणी की दुर्बीण?

बाबांच्या शर्टाच्या खिशात कायम पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असायची. जळजळलं की एक गोळी, वर थंड दूध. "पित्तच आहे गं," एवढंच म्हणायचे. पण जठराची जुनी सूज बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच त्याला कर्करोगकारक ठरवलंय.

हा जंतू पोटात आहे का, हे बघायला श्वासाची चाचणी सोपी. युरियाचं द्रावण प्यायचं, थोड्या वेळाने पिशवीत फुंकायचं. जंतू युरिया फोडतो, त्यातला खुणेचा कार्बन श्वासात उतरतो. मात्र डॉक्टरांना विचारून आधी २ आठवडे ओमेप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळ्या आणि ४ आठवडे अँटिबायोटिक बंद हवीत. नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

पण जंतूने आत काय करून ठेवलंय, ते श्वास सांगत नाही. आधी सूज, मग अस्तर झिजणं, मग तिथे आतड्यासारख्या पेशी उगवणं, पुढे त्या बिघडणं, शेवटी कर्करोग. याला वर्षानुवर्षं लागतात आणि बहुतेकांचं तिथवर जातही नाही. कुठवर आलंय, हे तोंडातून जठरात दुर्बीण (एंडोस्कोपी) घालून अस्तराचे तुकडे काढून तपासल्यावरच कळतं. बाबा घाबरले होते. घशात फवारा मारला, डाव्या कुशीवर निजवलं, थोड्याच वेळात बाहेर आले.

वजन घटतंय, शौचाला काळं होतंय, घास अडकतोय, रक्त कमी झालंय किंवा घरात कुणाला जठराचा कर्करोग झालाय, तर थेट दुर्बीणच करा. तरुण वय आणि यातलं काही नसेल, तर श्वासाची चाचणी पुरते. जंतू मारायच्या औषधांचा कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी तीच पुन्हा करायची.