अकरावी आर्ट्सचे विषय ठरवायचे असतील तर आधी या पुस्तकांच्या दुकानात जा

पाचपैकी साडेचार स्टार देते. अर्धा का कापला ते पुढे लिहिते.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सवाल्याला लागून हे दुकान आहे. बाहेरून बघितलं तर वह्या, कंपास, स्कूलबॅग एवढंच दिसते, पण आत गेलं की उजव्या भिंतीला खालपासून वरपर्यंत अकरावी-बारावीची पुस्तकं, नवी वेगळी, वापरलेली वेगळी. माझ्या पोरीला दहावीत ७१ टक्के मिळाले आणि ती म्हणे मला आर्ट्स घ्यायचं. घरात सगळ्यांचं सुरू झालं, एवढे मार्क पडले अन् आर्ट्स काऊन घेते, आर्ट्स तर नापास होणाऱ्या पोट्ट्यांसाठी असते. मला ते मुळीच पटत नव्हतं. पोरगी विचार करून बोलत होती. फक्त विषय कोणते घ्यायचे ते कोणी नीट सांगत नव्हतं, कॉलेजात विचारलं तर म्हणाले सगळे जे घेतात ते घ्या. म्हणून इथं आलो.

दुकानदार काका साठीच्या आसपासचे असतील. मी आपली पुस्तकांची यादी मागायला गेली तर त्यांनी यादी दिलीच नाही. म्हणे, "ताई, यादी नंतर देतो, पोरीले आधी पुस्तकं उघडू द्या. ज्या पुस्तकात जीव रमते तो विषय घ्या, अन् जे पान वाचून झोप येते ते दोन वर्ष कसं वाचन ती?" असं म्हणून त्यांनी इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र अशी वापरलेली पाचही पुस्तकं तिच्यासमोर ठेवली आणि म्हणाले प्रत्येकातला एक धडा वाच, घाई करू नको. दुकानात गर्दी होती तरी तिला हटकलं नाही. गिऱ्हाइकाला पुस्तक विकायच्या आधी वाचून पाहू देणारा दुकानदार आमच्या भागात मला तरी दुसरा माहीत नाही.

आता जे समजलं ते सविस्तर लिहिते कारण बाकीच्या आईबापांना पण कामाचं आहे.

पहिली गोष्ट, आर्ट्स घेतलं म्हणजे इंग्रजी सुटते असं पोरं धरून चालतात, ते चुकीचं आहे, इंग्रजी सगळ्यांनाच आहे. इंग्रजी, एक दुसरी भाषा आणि चार विषय आपल्या पसंतीचे असे सहा विषय, ६०० मार्कांचं बारावीचं बोर्ड. बहुतेक विषयांना लेखी ८० आणि २० तोंडी, प्रकल्प किंवा प्रॅक्टिकलचे. भूगोलाला ते २० प्रॅक्टिकलचे असतात, म्हणजे नकाशे, मोजमाप, आकृत्या. ज्या पोरांचा हात चित्र काढण्यात, मोजण्यात चांगला आहे त्यांनी भूगोलाचा विचार करावाच. आणि अर्थशास्त्रात गणित नसते असं ज्यांना वाटते त्यांनी अकरावीच्या पुस्तकातला विभाजन मूल्यांचा धडा आधी पाहून घ्यावा, तिथे चतुर्थक-दशमक, म्हणजे आकड्यांचे चार किंवा दहा सारखे भाग, काढावे लागतात. अवघड नाही पण आकडे आहेत. त्याच पुस्तकात ग्रामीण विकास, बेरोजगारी, महाराष्ट्राची अर्थव्यवस्था असे धडे आहेत, ते तर आमच्या घरात रोज बोलतो तेच विषय.

भूगोलाचं मात्र मी वेगळं सांगते, कारण तिथेच माझ्या पोरीचा जीव रमला. काउंटरच्या काचेखाली काकांनी आमच्या भागाचा टोपोशीट, म्हणजे टेकड्या, नाले, गावं सगळं बारकाईनं दाखवणारा नकाशा, घालून ठेवला आहे, भारतीय सर्वेक्षण विभागाचा, १:५०,००० चा. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. काकांनी पट्टी दिली आणि म्हणाले तुमचं गाव शोध. तिनं शोधलं, मग गावापासून आमच्या वावरापर्यंत मोजलं. तपकिरी रेषा कशाच्या ते विचारलं तर काकांनी सांगितलं की त्या समोच्च रेषा, एकाच उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या, रेषा जवळजवळ आल्या की तिथे चढ जास्त. मग तीच बोटानं दाखवायला लागली की आपल्या टेकडीकडे रेषा दाट आहेत आणि नाल्याकडे मोकळ्या. पाणी निळ्या रंगात आणि कोरडे नाले काळ्या रेषेत हे तिनं स्वतःच खालची सूची वाचून काढलं.

त्यानंतर तिनं अपक्षयाचा धडा वाचला, खडक जागच्या जागी कसा फुटतो, झिजतो त्याचा. वाचता वाचता मला म्हणे, आई, आपल्या विहिरीत काळ्या मातीखाली जो मुरूम लागला होता ना, तो म्हणजे झिजलेला काळा दगडच. विहीर खोदली तेव्हा ती लहान होती, पण काठावर टाकलेला तो पिवळसर मुरूम आणि त्याच्या खालून निघालेला टणक काळा पत्थर तिला आठवत होता. आमच्याकडचा सगळा काळा दगड म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला बेसाल्ट, आणि आमची कापसाची काळी जमीन त्याच्यापासूनच झालेली. मी एवढी वर्षं त्या जमिनीत राबते पण हे कोणी मला सांगितलं नव्हतं. त्याच वेळी आमचा एक विषय पक्का झाला.

इतिहासाचंही थोडं सांगते. अकरावीला जुना इतिहास, हडप्पाची नगरं, मौर्य, दक्षिणेतली राज्यं, सुलतानशाही, मुघल-मराठे असं. बारावीला वसाहतवाद, स्वातंत्र्यलढा, महायुद्धं, शीतयुद्ध. पाठांतराचा विषय म्हणून पोरं घाबरतात. काकांनी बारावीचं पुस्तक उघडून वसाहतवादाचा धडा दाखवला आणि म्हणाले, आपली शकुंतला रेल्वे आठवते का? यवतमाळ ते मूर्तिजापूरची ती छोटी गाडी इंग्रज कंपनीनं टाकली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, पुढे अमेरिकेत यादवी युद्ध झालं, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्रजांच्या गिरण्यांना आपला कापूस पाहिजे झाला. हे असं सांगितल्यावर कोणाला पाठ करावं लागते? शिकवणारा मिळाला पाहिजे, एवढंच. राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र तिनं भरभर चाळले. राज्यशास्त्रात प्रतिनिधित्व, न्यायमंडळ, लोकप्रशासन असे धडे आहेत. ज्यांच्या घरात कोणी सरपंच, पंच आहे किंवा ज्यांना स्पर्धा परीक्षा द्यायची त्यांना हा विषय उपयोगी पडेल. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत हे बहुतेक सगळे विषय आहेत आणि मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते हे पण काकांनीच पोरीला सांगितलं.

एक गोष्ट काकांची मला फार आवडली, त्यांनी गोड गोड बोलून फसवलं नाही. स्पष्ट म्हणाले की आर्ट्स घेतलं की मेडिकल, इंजिनीअरिंग, अ‍ॅग्रीची डिग्री हे रस्ते बंद होतात, ते आधीच मनाशी पक्कं करा. डीएड, बीए, बीएसडब्ल्यू, बारावीनंतरची पाच वर्षांची लॉ, पोलीस भरती हे रस्ते उघडे आहेत. आणि मुख्य म्हणजे कॉलेजात तो विषय शिकवायला सर आहेत का हे विचारून घ्या. आता २०२५ पासून आमच्या खेड्यापाड्यात पण अकरावीचा प्रवेश ऑनलाइन झालाय, पोरं सायबर कॅफेत बसून पसंती भरतात आणि तिथे कोणते विषय आहेत ते पाहतच नाहीत. आमच्या भागातल्या एका कॉलेजात भूगोल कागदावर होता आणि शिकवायला कोणीच नव्हतं, ते आम्हाला प्रत्यक्ष जाऊन समजलं, मग दुसरं कॉलेज पाहिलं. मानसशास्त्र तर खेड्यातल्या कॉलेजात सहसा मिळतच नाही. आणि एकदा अकरावी झाली की विषय बदलणं सोपं नसते, म्हणून ही चौकशी जूनच्या आधीच करून ठेवा.

पुस्तकांचं सांगायचं तर वापरलेली निम्म्या किमतीत मिळतात, पानं गेलेली नसतात, काका स्वतः पान न पान पाहून घेतात. पण आतल्या पानावर छापलेलं वर्ष तुम्ही पण पहा, अकरावीची पुस्तकं २०१९ ला बदलली आणि बारावीची २०२० ला, त्याच्या आधीचं असेल तर कामाचं नाही. बालभारतीच्या साइटवर सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत हे पण दुकानातच सांगतात. पण बारक्या मोबाइलवर नकाशे वाचायचे म्हणजे डोळ्याला त्रास, भूगोलाचं तरी छापील घ्या.

आता अर्धा स्टार. दुकान फार चिंचोळं आहे, बसायला एकच स्टूल, पोरीला उभ्यानंच वाचावं लागलं आणि उन्हाळ्यात पंखा आत पोचत नाही. दुपारी दोन ते चार शटर बंद असते, बाहेरगावावरून येणाऱ्यांना ते माहीत नसते, बोर्डावर लिहून ठेवायला पाहिजे. दुसरं, काका नसले की त्यांचा पोरगा बसतो, तो आधी गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच काढून समोर ठेवतो. पोरं तेच उचलतात. त्यानं पण बापासारखं पुस्तक उघडून द्यावं ही माझी मनापासून विनंती आहे, दुकानाचं नाव त्या वाचू देण्यामुळंच झालं आहे.

जायचं असेल तर दहावीचा निकाल लागायच्या आधी मे महिन्यात सकाळी जा, तेव्हा काका निवांत असतात, आणि पोराला सोबत न्या. नुसते बाप जाऊन पुस्तकं घेऊन येतात तसं करू नका. यवतमाळच्या गाडीनं येणाऱ्यांनी सकाळची पहिली एसटी धरावी, दोनच्या आत काम होते.