सिक्लिडच्या टाकीत सिनोडॉन्टिस: 14 महिन्यांच्या अनुभवानंतर

सिनोडॉन्टिस हा आफ्रिकेतला कॅटफिश, म्हणून आधी नावाचा घोळ मिटवायला हवा. 'आफ्रिकन कॅटफिश' म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर थाई मांगूर येतो, म्हणजे क्लेरियस गॅरिपिनस. त्याच्या संवर्धनावर भारतात बंदी आहे. तो एक मीटरच्याही पुढे वाढू शकतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. घरच्या टाकीत त्याला जागा नाही. हा अनुभव सिनोडॉन्टिसचा आहे, आणि त्यातही आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या छोट्या, ठिपकेदार सिनोडॉन्टिस ल्युसिपिनिसचा. दुकानात तो जवळजवळ नेहमी 'पेट्रिकोला' या नावानेच मिळतो.

टाकी 120 × 45 × 45 सेंमीची. दगड आणि वाळू वजा करता पाणी साधारण 200 लिटर. सिक्लिड, म्हणजे शोभेचे रंगीत मासे, आफ्रिकेतल्याच मलावी सरोवरातल्या दोन जातींचे: येलो लॅब 7, रस्टी 6. सोबत 5 ल्युसिपिनिस. दोन वेगळ्या सरोवरांचे मासे एकत्र ठेवू नयेत असं काही जण म्हणतात. निसर्गाची हुबेहूब नक्कल करायची असेल तर ते बरोबरच आहे. पण पाण्याच्या दृष्टीने अडचण येत नाही. टांगानिकाचं पाणी थोडं जास्त अल्कधर्मी असलं, तरी पीएच 8.2, केएच (पाण्यातली कार्बोनेट क्षारता) 9 आणि 26 अंश तापमानात दोघेही उत्तम राहिले.

सगळ्यात मोठी चूक खरेदीतच होते. दोन इंचांची पिल्लं सगळी सारखीच ठिपकेदार दिसतात आणि पेट्रिकोला म्हणून सर्रास युप्टेरस विकला जातो. युप्टेरस हाही सिनोडॉन्टिसच, पण आफ्रिकेतल्या नद्यांचा मासा. तो 20 सेंमीपर्यंत सहज जातो, मग रात्री लहान सिक्लिड खातो आणि टाकीतल्या सगळ्या गुहा बळकावतो. म्हणून पंख नीट बघा. ल्युसिपिनिसचे पंख काळे आणि त्यांची कडा स्वच्छ पांढरी असते. खालच्या पंखांच्या मुळाशी फिकट डाग असतो, त्यावरून तो खऱ्या पेट्रिकोलापासून वेगळा ओळखता येतो. युप्टेरसच्या पिल्लाच्या अंगावर तपकिरी जाळी असते, शेपटीवर ठिपके असतात आणि पांढरी कड नसते. हार्मोनची इंजेक्शनं देऊन काढलेले संकरही बाजारात येतात. त्यांचे ठिपके अर्धवट, एकमेकांत मिसळलेले असतात. शंका आली तर मासा घेऊ नका. ल्युसिपिनिस 8 ते 10 सेंमीवर थांबतो, म्हणूनच 4 फुटी टाकीसाठी तो योग्य.

'खाली पडलेलं खाऊन टाकी साफ ठेवेल' या आशेने हा मासा आणणाऱ्यांची निराशा होईल. तो शेवाळ खात नाही, विष्ठा खात नाही. उलट पाच माशांची घाण वाढते. दर आठवड्याला 25 टक्के पाणी बदलून नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारा घटक) 20 पीपीएमच्या आसपास राहायचं. कॅटफिश आल्यावर तेच राखायला 35 टक्के बदलावं लागलं. त्याला ठेवायचं ते त्याच्यासाठी. दिवे मंद झाले की पाचही जण एकामागोमाग दगडांवरून फिरतात, कपारीच्या छताला उलटे चिकटतात. हे बघण्यात जे सुख आहे ते दुसऱ्या कुठल्याच कॅटफिशने दिलं नाही. मात्र एकटा आणलात तर महिनोन्‌महिने दर्शन होणार नाही. चारपेक्षा कमी घेऊ नका.

लपायच्या जागा माशांपेक्षा जास्त हव्यात. पाच माशांना आठ. 40 मिमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपचे 12 सेंमीचे तुकडे कापून, कडा पॉलिश पेपरने घासून दगडांमागे लपवले. यापेक्षा रुंद पाइप ठेवला की त्यात मोठा नर सिक्लिड ठाण मांडतो. दगड आधी काचेवर ठेवायचे, खाली प्लॅस्टिकची जाळी किंवा पातळ फोम, आणि वाळू नंतर ओतायची. वाळूवर रचलेले दगड सिक्लिड खणून पाडतात, आणि आत बसलेला कॅटफिश चिरडला जातो. वाळू गोल कणांची, 3 सेंमीपेक्षा जाड नको. टोकदार खडीने मिशा झिजतात. मिशा आखूड दिसायला लागल्या तर आधी वाळू तपासा, मग तळातली घाण.

पाण्याबद्दल जरा विस्ताराने. धरणाचं नळाचं पाणी मऊ असतं, केएच 2–3. नुसत्या कोरल चुऱ्यावर विसंबू नका. पीएच 8च्या जवळ गेला की हा चुरा फार हळू विरघळतो आणि आठवड्याचा मोठा पाणीबदल भरून काढू शकत नाही. खाण्याचा सोडा वापरा. 100 लिटरला 3 ग्रॅम टाकला की केएच 1 ने वाढतो. म्हणजे 70 लिटर नवीन पाण्यात केएच 3 वरून 9 वर न्यायला साधारण 12.5 ग्रॅम. जीएचसाठी (पाण्याच्या एकूण कठीणपणासाठी) एप्सम सॉल्ट, 100 लिटरला 4.4 ग्रॅमने जीएच 1 ने वाढतो. दोन्ही बादलीत विरघळवून, अँटीक्लोर (क्लोरीन काढणारं द्रव्य) टाकून, मगच पाणी टाकीत सोडायचं. टाकीत थेट भुकटी टाकू नका. बोअरचं पाणी असेल तर आधी मोजा, कदाचित काहीच घालावं लागणार नाही.

नवीन टाकीत घाई करू नका. 26 अंशाला पीएच 7 असताना एकूण अमोनियातला विषारी भाग जेमतेम 0.6 टक्के असतो, पीएच 8.2 ला तो 9 टक्क्यांच्या जवळ जातो. टेस्ट किटवर जो आकडा साध्या टाकीत खपून जातो, तोच इथे मासे मारतो. फिल्टर पूर्ण पिकल्यावरच, म्हणजे त्यात अमोनिया संपवणारे जिवाणू वाढल्यावरच, कॅटफिश आणा.

खाणं हा दुसरा नाजूक भाग. येलो लॅब सोडले तर बहुतेक एंबुना (मलावीच्या खडकांत राहणारे सिक्लिड) शेवाळ खरडून खाणारे. त्यांना स्पिरुलिनाचे पेलेट लागतात, कॅटफिशला किडे-कोळंबीचं खाणं आवडतं. कॅटफिशसाठी म्हणून ब्लडवर्मचा (लाल अळ्यांचा) मारा केला की सिक्लिडचं पोट फुगतं, विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी होते आणि मासा खाणं सोडतो. यावर उपाय साधा: दिवसा सिक्लिडला स्पिरुलिना, दिवे बंद करून अर्ध्या तासाने कॅटफिशला बुडणारे पेलेट, पाच माशांना 6–7 दाणे. फ्रोझन कोळंबी आठवड्यातून एकदाच, तीही अंधारात. सिनोडॉन्टिस पोट टरारेपर्यंत खातो, म्हणून आठवड्यातला एक दिवस उपास.

सिक्लिडची पिल्लं आता टिकत नाहीत. माद्या अंडी तोंडात उबवतात, पण सोडलेली पिल्लं रात्रीत संपतात. गर्दी आवरायला हे चांगलंच, पण पिल्लं हवी असतील तर मादी 18 दिवसांच्या सुमारास वेगळ्या टाकीत हलवा. मल्टिपंक्टॅटस (सिनोडॉन्टिसचीच आणखी एक जात) ठेवलात तर प्रकार वेगळाच: तो अंडी घालणाऱ्या सिक्लिडच्या जोडीत घुसून आपली अंडी टाकतो, मादी तीच तोंडात घेते, आणि आधी फुटलेली कॅटफिशची पिल्लं तिच्या तोंडातच तिच्या पिल्लांना खातात. मलावीच्या माद्यांकडूनही तो हे करून घेतो. त्याला मात्र 5 फुटी टाकी द्या.

औषधाच्या बाबतीत सावध राहा. अंगावर खवले नाहीत, त्यामुळे तांबं आणि मॅलाकाइट ग्रीन-फॉर्मलिन यांचा पूर्ण डोस त्याला झेपत नाही. पांढरे ठिपके आले तर तापमान हळूहळू 30 अंशावर नेणं, एअर पंप वाढवणं आणि गरज पडलीच तर अर्धा डोस, एवढ्यावर भागतं. वीज तासन्‌तास गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लावा. बंद पडलेल्या कॅनिस्टरमधलं (टाकीबाहेरच्या डबाबंद फिल्टरमधलं) साचलेलं पाणी ओतून टाका आणि मगच तो सुरू करा.

पकडताना जाळी वापरू नका. छातीच्या आणि पाठीच्या पंखांचे काटे तो ताठ करून अडकवून ठेवतो, त्यांना दातेही असतात. जाळीत गुंतला तर जाळी कापूनच सोडवावा लागतो, आणि हाताला लागला तर जखम बराच वेळ ठणकते. तो बसलेला पाइपच दोन्ही तोंडांवर हात ठेवून उचला, पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात रिकामा करा. काटे घासून तो किरकिर आवाज काढेल, त्याने घाबरू नका. दुकानातून आणताना पिशवी दुहेरी मागा आणि दोन पिशव्यांमध्ये वर्तमानपत्र घालायला सांगा. एकेरी पिशवी काट्याने फुटते.