कायओएसचा बटणफोन, अकरा महिन्यांनी: एकचं बटण गेलं त्या रात्रीपासून

मे महिन्यात आमच्या फीडरला आठवडाभर शेतीची लाइट रात्रीची होती. साडेबाराला विहिरीवरच्या मोबाइल स्टार्टरचा, म्हणजे फोनवरून मोटार चालू करणाऱ्या यंत्राचा मेसेज आला, थ्री फेज लाइट आली. अंगणात खाटेवर पडल्या पडल्या स्टार्टरला फोन लावला. मोटार चालू करायला एक दाबायचं. दाबलं, काही नाही. जोरात दाबलं, अंगठ्याच्या नखाने दाबलं, तरी नाही. बाकी सगळी बटणं चालत होती, फक्त एक मेलेलं. घरातला दुसरा फोन वापरावा तर स्टार्टर नोंदवलेल्या नंबराशिवाय कुणाचं ऐकत नाही. कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, निसवायला लागलेली, घड बाहेर पडत होते, दिवसा पारा पंचेचाळीसच्या आसपास. एक पाळी चुकली तर घडाला झटका बसतो. बॅटरी घेतली, गाडी काढली आणि शेतात जाऊन हाताने मोटार चालू केली. परत यायला दोन वाजले.

त्या रात्री ठरवलं होतं, या फोनबद्दल लिहायचं आणि 'घेऊ नका' असंच लिहायचं. आता ऑगस्टमध्ये लिहायला बसलोय, तर मत बरंच बदललंय.

फोन २०२४ च्या पोळ्याला घेतला. कायओएस या सॉफ्टवेअरवर चालणारा फोरजी बटणफोन, म्हणजे बटणं असूनही इंटरनेट आणि ॲप्स चालणारा, तीन हजारांच्या आतला. त्याआधी तीन वर्षांत टचफोनची स्क्रीन दोनदा बदलली होती. एकदा ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून पडला, एकदा खिशात विळ्याचा दाब बसला. दोन्ही खेपेचा खर्च मिळून जवळजवळ अर्ध्या फोनाचे पैसे गेले. रावेर-सावद्याकडे केळीत राबणाऱ्या माणसाने दर दीड वर्षाला काचेपायी एवढे पैसे का घालवायचे, हा माझा साधा हिशोब होता.

खरं कारण मात्र वेगळं होतं: चीक. घड कापताना, खोडाशेजारची पिलं (कोंब) काढताना, केळफूल मोडताना हाताला जो चीक लागतो तो आधी पाण्यासारखा असतो आणि मग काळा पडतो. साबणाने जात नाही, कपड्याचा तर विषयच सोडा. टचची काच बोटाच्या स्पर्शाने होणारा विजेचा अगदी बारीक फरक ओळखते. तिच्यावर पाणी किंवा चिकाचा थर आला की ती गोंधळते. कापणीच्या दिवशी गाडीवाल्याचा फोन यायचा, मी कोपराने, नाकाने, शर्टाच्या बाहीने हिरवं चिन्ह ओढत बसायचो आणि फोन कट व्हायचा. गाडी रस्त्यावर उभी, मजूर बांधावर उभे. बटणाला असलं काही लागत नाही. ओला हात, मातीचा हात, चिकाचा हात, सगळं चालतं. पाचच्या बटणावर जो उंचवटा असतो त्यावरून अंधारातही बोट बरोबर एकवर जातं, फोनकडे बघावंही लागत नाही. आठ महिने मी ज्याला भेटेल त्याला हेच सांगत सुटलो होतो. आमचे शेजारी म्हणायचे, "भो, तू फोन घेतला की बटण घेतलं?" मी म्हणायचो, बटणच घेतलं.

बाकीचं थोडक्यात. चार्जिंग तीन दिवस पुरतं. मेच्या उन्हात पत्र्याखाली ठेवला तरी गरम होऊन बंद पडला नाही. टॉर्च चांगला. कॅमेरा कामाचा नाही. मराठी लिहायला त्रास होतो, एका अक्षरासाठी एकच बटण चार-पाच वेळा दाबावं लागतं. म्हणून मी मेसेज लिहीतच नाही, सरळ फोन करतो.

आता व्हॉट्सॲप. दुकानदाराने खोकं दाखवून सांगितलं, चालतं. घरी येऊन स्टोअरमध्ये शोधलं तर नाहीच. कायओएसवर व्हॉट्सॲप नव्याने घेणं जून २०२४ मध्येच थांबलं होतं. ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांचंही २०२५ च्या सुरुवातीला बंद झालं. दोन महिन्यांपूर्वी बंद झालेली गोष्ट दुकानदाराने मला विकली. परत करायला गेलो तर म्हणाला, खोक्यावर छापलंय ना, मी काय करू? त्याच्याशी अर्धा तास भांडलो, पैसे काही मिळाले नाहीत. केळीचा रोजचा भाव ग्रुपवर येतो. तेव्हापासून तो मी भाच्याला फोन करून विचारतो.

या प्लॅटफॉर्मचा इतिहास वाचला आणि दुखणं नेमकं कुठे आहे ते समजलं. मुळात हा फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचा फायरफॉक्स ओएस. २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्यावरचा इंटेक्सचा फोन आपल्याकडे १,९९९ रुपयांना आला होता. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१५ मध्ये, मोझिलाने फोनचा नाद सोडला. २०१५ च्याच जानेवारीत सॅमसंगने टायझेन या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवरचा झेड१ इथे ५,७०० रुपयांना आणला, तोही टिकला नाही. त्याआधी मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनधंदा ५४४ कोटी युरोंना घ्यायचं २०१३ मध्ये जाहीर केलं. एवढा पैसा ओतूनही विंडोजच्या फोनला मिळणारा कंपनीचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. म्हणजे स्वस्त असून भागलं नाही आणि श्रीमंत मालक असूनही भागलं नाही.

फायरफॉक्सच्या त्याच कोडवर उभा राहिलेला कायओएस मात्र चालला. २०१७ मध्ये जिओफोन १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर आला. जून २०१८ मध्ये गूगलने त्या कंपनीत २ कोटी २० लाख डॉलर घातले आणि सप्टेंबरमध्ये जिओफोनवर व्हॉट्सॲप आलं. आमच्या गावात तेव्हा ज्या घरात कधी इंटरनेट नव्हतं त्या घरात भजनं आणि यूट्यूब सुरू झालं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या वर्षी भारतात याने आयफोनलाही मागे टाकल्याच्या बातम्या होत्या. छोटा प्लॅटफॉर्म मोठ्यांसमोर उभा राहू शकतो, हे त्या दोन-तीन वर्षांत सिद्धच झालं. ज्या ॲपसाठी लोक फोन घेत होते ते ॲप होतं तोवर तो उभा राहिला. ते काढायचं की ठेवायचं हे मात्र फोन बनवणाऱ्याच्या हातात कधीच नव्हतं, आमच्या तर नाहीच.

व्हॉट्सॲप खाजगी कंपनीचं आहे, तिने काय चालवावं आणि काय नाही हे तिने ठरवावं. मला राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्याकडे ई-पीक पाहणी आहे. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, जागेच्या नोंदीसह पाठवायचा, मग सातबाऱ्यावर पीक लागतं. कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण ते ॲप माझ्या फोनवर नाही. कायओएसची ॲप्स म्हणजे वेबसाइटसारखीच असतात, एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली. वेबसाइट बनवणाऱ्याला ती बनवता येतात. ज्या फोनने खेड्यातला माणूस पहिल्यांदा इंटरनेटवर आला त्याच फोनवरून त्याला स्वतःच्या शेताची नोंद करता येत नाही. साध्या वेबपानावर तरी ही सोय हवी होती. अर्थात तिथेही अडचण आहेच. कायओएस २.५ चं ब्राउझर इंजिन २०१६ सालच्या फायरफॉक्सचं आहे, नव्या साइट त्यावर धड उघडत नाहीत. हा दोष या फोनाचा, तो मी झाकणार नाही.

आणि जमवायचं म्हटलं तर जमतं, हे पैशाच्या बाबतीत दिसतं. *९९# आहे, मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. इंटरनेटही लागत नाही, बटणं दाबून पैसे जातात. खताच्या दुकानात मी असेच दिलेत. वेळ जास्त लागतो, दुकानदार मान वर करून बघतो, पण पैसे पोचतात. कुणीतरी बटणफोनवाल्याचा विचार करून ते बनवलंय. पीक पाहणीचं तसं का नाही?

तर ते एकचं बटण. दुसऱ्या दिवशी जळगावला सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने फोन उघडलाही नाही. "बटणांची पट्टी येत नाही, काका. दुरुस्तीपेक्षा नवा घेतलेला बरा." मी म्हटलं, वॉरंटीत आहे. तो म्हणाला, आत काहीतरी गेलंय, ते वॉरंटीत बसत नाही. आत काय गेलंय ते तरी दाखव म्हटलं, तर उघडायचे पैसे सांगायला लागला. एक तास उभा राहिलो, लेखी द्या म्हटलं, तेही दिलं नाही. जाण्या-येण्याचं भाडं आणि एक दिवस गेला. घरी आल्यावर मुलाचा पुण्याहून फोन, "आप्पा, अँड्रॉइड घ्या, पैसे मी टाकतो." त्या क्षणी मी हो म्हणणारच होतो.

चार दिवसांनी बाजाराला सावद्याला गेलो होतो. तिथे एका टपरीवर रेडिओ, चार्जर, टॉर्च दुरुस्त करणारा पोरगा बसतो. त्याने पाच मिनिटांत फोन खोलला आणि मला भिंग दिलं. एकच्या बटणाखाली पत्र्याची बारीक वाटी असते, दाबली की कट् आवाज करते ती. तिच्या कडेने काळा, वाळलेला चीक बसला होता. ज्या चिकासाठी बटणफोन घेतला तोच आत गेलेला. त्याने स्पिरिटने पुसलं, वाटी बदलली, ऐंशी रुपये घेतले. तिथूनच स्टार्टरला फोन लावून एक दाबलं. लाइट नव्हती, पण बटण दाबल्याबरोबर पलीकडून उत्तर आलं, म्हणजे एक चाललं. एवढा आनंद नवा फोन घेतल्यावरही झाला नव्हता.

तेव्हापासून फोन पातळ प्लास्टिकच्या पिशवीत असतो. पिशवीवरूनही बटणं दाबली जातात. जून-जुलैच्या कापणीत एकही फोन चुकला नाही.

कुणाला घ्यायचा असेल तर सांगतो: घरात दुसरा अँड्रॉइड असेल तरच घ्या. एकट्याच्या भरवशावर आज हा फोन पुरत नाही. मी या आठवड्यात मंडळीचा फोन घेऊन शेतात गेलो, केळीचे फोटो काढले, पीक पाहणी केली आणि घरी येऊन तो तिला परत दिला. टपरीवाल्याकडे याच मॉडेलचे बंद पडलेले दोन फोन होते, दीडशेला दोन्ही घेऊन ठेवलेत. त्यांच्यातली एकची बटणं चांगली आहेत.