सरकारी प्रोजेक्ट की कारखान्याचं काम?

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातले विज्ञानाचे नवे प्राध्यापक हल्ली हा प्रश्न हमखास विचारतात. संशोधनाला पैसा देणाऱ्या दिल्लीच्या सरकारी एजन्सीकडे प्रपोजल टाकावं, की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फौंड्रीचं (ओतकामाच्या कारखान्याचं), साखर कारखान्याचं काम रीतसर करार करून घ्यावं? मी दोन्ही तऱ्हेच्या फायली सांभाळल्या आहेत, अजूनही सांभाळतो. सँक्शन ऑर्डर (मंजुरीचा आदेश), हेड (खर्चाचं सदर), यूसी (पैसा वापरल्याचा दाखला) ही मंडळी तुमच्या ओळखीची आहेत असं धरून लिहितो.

यंत्र घ्यायचं असेल तर फार विचार करण्यात अर्थ नाही, सरकारी प्रोजेक्टच हवा. २०२४ मध्ये एसईआरबी या केंद्राच्या संशोधन मंडळाची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली. शिवाय कर्नाटक राज्याच्या व्हीजीएसटी या विज्ञान-तंत्रज्ञान गटाच्या योजना आहेतच. कारखानदार स्वतःच्या पैशाने तुमच्या लॅबमध्ये एक्सआरडी (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासणारं यंत्र) बसवून देणार नाही. त्याला रिपोर्ट हवा असतो, तोही परवापर्यंत. खरेदीत आपल्या भागाची एक सोय आहे. कोल्हापूरचा डीलर बंगळूरच्या डीलरपेक्षा कितीतरी जवळ, सर्व्हिस इंजिनिअर त्याच दिवशी येऊन परत जातो. राज्याबाहेरचा म्हणून बिलावर आयजीएसटी लागतो, त्याला ऑडिटवाले काही म्हणत नाहीत. तुलनात्मक तक्त्यात करासह एकूण रक्कम मांडली की झालं.

प्रमोशनसाठी मोजल्या जाणाऱ्या गुणांच्या बाबतीतही प्रोजेक्टच पुढे आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा लाखांवरचा पूर्ण झालेला प्रोजेक्ट १० गुण देतो, सल्लागारीचे, म्हणजे करारावरच्या कामाचे, मात्र ३ च. प्रमोशन जवळ आलं असेल तर हा हिशेब नजरेआड करू नका.

एवढं सगळं प्रोजेक्टच्या बाजूचं असूनही मी हळूहळू दुसरीकडे झुकलो, ते ३१ मार्चमुळे.

पूर्वी हप्ता संस्थेच्या बचत खात्यात यायचा. शिल्लक पुढच्या वर्षात जायची, व्याज तेवढं सरकारला परत करायचं. २०२२ पासून पद्धत बदलली. काही योजनांचा पैसा रिझर्व्ह बँकेतल्या ट्रेझरी सिंगल अकाउंटमधून (सरकारच्या एकत्रित खात्यातून), तर काहींचा नोडल एजन्सीखालच्या (योजना सांभाळणाऱ्या मुख्य संस्थेच्या) झीरो बॅलन्स खात्यातून येतो. म्हणजे आपल्या हाती पैसा येत नाही, खर्चाची लिमिट येते. ट्रेझरीच्या पद्धतीत न वापरलेली लिमिट ३१ मार्चला संपते आणि नव्या वर्षाची येईपर्यंत वाट बघावी लागते. सरकारी पैसा बँकांत पडून राहू नये हा त्यामागचा विचार मला पटतो. केमिकलची ऑर्डर दोन महिने पुढे ढकलता येते, यंत्राचं बिलही थांबतं. खोलीचं भाडं थांबत नाही.

जेआरएफला, म्हणजे प्रोजेक्टवरच्या ज्युनिअर रिसर्च फेलोला, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मंजूर आहे. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये खानापूरकडची एक हुशार मुलगी होती. दर महिन्याला तिच्या हजेरीच्या दाखल्यावर सही व्हायची, बिल तयार व्हायचं, आणि अकाउंट्समधून त्यावर पेन्सिलीने 'लिमिट नाही' असं लिहून यायचं. एप्रिल, मे, जून, तिन्ही बिलं एकाच टाचणीत. विद्यापीठाच्या निधीतून तात्पुरती उचल द्यावी म्हणून टिपणी पाठवली, पण तशी तरतूद नव्हती. पुढे पैसे आले, थकबाकीसकट आले. तोवर ती संध्याकाळी खासगी क्लासमध्ये शिकवायला लागली होती आणि प्रयोगाची लय तुटली ती तुटलीच. हे मला आजही मनापासून खटकतं. एजन्सीतल्या कुणी मुद्दाम अडवलं असं नाही, पण ज्याच्या जिवावर प्रोजेक्ट चालतो त्याचाच पगार आधी अडकतो.

करारावरच्या कामात ही भानगड नाही. पैसा विद्यापीठाच्या सल्लागारी खात्यात जमा होतो, त्याला ३१ मार्च आणि १ एप्रिल सारखेच. प्रोजेक्ट असिस्टंटचा पगार त्यातून महिन्याच्या महिन्याला निघतो. फाईल कन्नडमधून फिरते, करार इंग्रजीत होतो आणि फौंड्रीवाल्याशी बोलणं मराठीत, याची इथे कुणालाच अडचण वाटत नाही.

कटकटी आहेतच. सल्लागारीवर १८ टक्के जीएसटी आहे. बिल फाडलं की पार्टीने पैसे दिले असोत वा नसोत, साधारणपणे पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरावा लागतो. आमच्या फायनान्स ऑफिसरना हे मुळीच खपत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. म्हणून मी आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवतो आणि निम्मी रक्कम जमा झाल्यावरच सॅम्पल हातात घेतो. फौंड्रीला त्या कराचं क्रेडिट मिळतं (तेवढी रक्कम तिच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा होते), त्यामुळे १८ टक्क्यांवरून कुणी मागे फिरलेलं मला आठवत नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून अनुदानावर चालणाऱ्या संशोधनाला काही अटींवर जीएसटी माफ आहे. पण पैसे घेऊन रिपोर्ट देणं ही सेवा आहे, करारात तिला अनुदान म्हणू नका. ऑडिटमध्ये ते टिकणार नाही.

दुसरी अडचण प्रबंधाची. निर्यातीचं कास्टिंग करणारी फौंड्री आकडे बाहेर जाऊ देत नाही. साखर कारखाने त्या मानाने मोकळे. स्पेंटवॉशवरच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्यावरच्या) कामात नाव न घालता सहा महिन्यांनी छापण्याचं कलम त्यांनी सहज मान्य केलं. मात्र त्यांचं काम गळीत हंगामापुरतं. उन्हाळ्यात सॅम्पलच येत नाहीत, त्यामुळे पगाराचे पैसे हंगामातच बाजूला काढून ठेवावे लागतात.

माझा अनुभव एका संस्थेपुरता आहे, तुमच्याकडे वेगळं असू शकेल. गणित किंवा सैद्धांतिक भौतिकीवाल्यांना कराराचं काम मिळणं अवघडच, त्यांनी प्रोजेक्टच बघावा. पण रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, मटेरियल्स यांतलं काम असेल, हाताखाली एखादा मुलगा किंवा मुलगी ठेवायची असेल, तर मी आधी करारावरचं एखादं लहान काम घेईन.

प्रपोजल टाकायचंच ठरलं, तर फायनान्स ऑफिसरना आधी एवढंच विचारा: लिमिट आली नाही तर जूनचं मानधन विद्यापीठाच्या निधीतून मिळेल का? ते लेखी हो म्हणाले तर जेआरएफ जरूर मागा. नाही म्हणाले तर प्रोजेक्टमध्ये फक्त यंत्र मागा, आणि माणसाचा पगार कराराच्या कामातून काढा.