हवेच्या बोटीवर फिश फाइंडर: दिवाळी ते जून, महेश्वरच्या नर्मदेतला अनुभव

आमची बोट पीव्हीसीची, तीन माणसांची, हवा काढली की डिकीत मावणारी. मागे मोटरसाठी लाकडी फळी, तिच्यावर इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर, आणि दिवाळीत घेतलेला गार्मिनचा स्ट्रायकर ४ हा फिश फाइंडर, म्हणजे पाण्याची खोली आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं मशीन. मशीनबद्दल थोडक्यातच सांगतो: स्क्रीन साडेतीन इंची, म्हणजे लहान, पण उन्हात वाचता येते. जीपीएसमुळे पाण्याखालच्या खडकाची जागा खूण करून ठेवता येते. नकाशा मात्र त्यात नाही. या पैशात मला तो आवडला. खरा विषय ट्रान्सड्यूसर कुठे बसवायचा हा आहे, आणि हवेच्या बोटीवर सगळं त्यावरच अवलंबून असतं.

ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाजाची कंपनं सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४८० मीटर धावतो; मध्ये हवा आली की मात्र जवळजवळ सगळा तिथूनच उलटा फिरतो. फायबरच्या बोटीत लोक तो आतून तळाला चिकटवतात आणि काम भागतं. आपल्या बोटीच्या तळातच हवा भरलेली, त्यामुळे तो मार्ग बंद. ट्रान्सड्यूसर बाहेर, पाण्यातच हवा.

सक्शन कप आधी वापरून पाहिला. खरखरीत पीव्हीसीवर तो धरत नाही. गुळगुळीत पट्टी लावून तिच्यावर बसवला तर थंडीच्या सकाळी बरा टिकला, पण पर्यटकांच्या मोटरबोटीची लाट आली की सुटायचा. मग बोटीच्या हवेच्या ट्यूबवर चिकटवायचं पीव्हीसीचं पॅचवालं स्टँड लावलं. गोंद उत्तम धरला, आजही पक्का आहे. अडचण वेगळीच निघाली. घाटावर उन्हात टणक भरलेली ट्यूब नर्मदेच्या गार पाण्यात अर्ध्या तासात मऊ पडते. ट्यूब मऊ पडली की स्टँड कलतं आणि ट्रान्सड्यूसर तिरपा होतो. स्क्रीनवर मासा कमानीसारखा दिसतो, ती कमान अर्धीच उमटायला लागते आणि तळाची रेघ फिसकटते. मे महिन्यात उलट: दुपारी ट्यूब तटतटून फुगते आणि स्टँड दुसऱ्या बाजूला ढकललं जातं.

आमच्या मामांनी घाटावर बसून हे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हवेला काय बांधून राहिलास? लाकूड धर." त्या एका वाक्यात सगळं आलं. बोटीत आकार न बदलणारी वस्तू एकच, ती मोटरची फळी. तेव्हापासून ट्रान्सड्यूसर तिच्यावरच आहे, आणि कलण्याची तक्रार उरली नाही.

रचना साधी आहे. इंदूरच्या सियागंज बाजारातून एक इंची अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप आणला. वरचं टोक सी-क्लॅम्पने फळीला. खालच्या टोकाला भाजी चिरायच्या पांढऱ्या प्लास्टिक बोर्डाचा तळहाताएवढा तुकडा, त्यावर स्टीलच्या स्क्रूंनी ट्रान्सड्यूसर. ते प्लास्टिक पाण्याने फुगत नाही आणि स्क्रूची जागा बदलायची झाली तर शेजारी नवं भोक पाडता येतं. सगळ्यात महत्त्वाचा भाग पाइपच्या वरच्या बोल्टचा. तिथे दोन रबरी वॉशर आणि विंगनट. नट इतकाच आवळायचा की चालत्या बोटीला पाण्याच्या रेट्याने पाइप हलू नये, पण खडकाला ठोकर लागली तर मागे फिरावा. महेश्वरच्या घाटाच्या पायऱ्या पाण्याखालीही लांबवर गेल्या आहेत. काठाला येताना पाइप वर फिरवून घेतो, ट्रान्सड्यूसर दगडावर घासत नाही. पाइपला नायलॉनची दोरी बांधून ती फळीला अडकवलेली असते. क्लॅम्प निसटलाच तर भार दोरीवर यावा, केबलवर नाही.

ट्रान्सड्यूसरचा चेहरा तळाच्या पातळीखाली चार-पाच सेंटिमीटर असू द्या, नाहीतर तळाखालून येणारे बुडबुडे त्याच्यावरून जातात. मोटरपासून हात-दीड हात दूर ठेवा. उजवी बाजू बरी, कारण मागून पाहिलं तर बहुतेक पंख्यांची पाती उजवीकडे खाली जातात आणि तिथे फेस कमी होतो. पातळी काठावर पाहू नका. आपण मोटरजवळ बसलो की बोटीचं मागचं अंग दबतं, म्हणून माणसं बसवून, पाण्यात, पाइपच्या खालच्या बोर्डाला समांतर ठेवलेल्या पट्टीवर पाणसळ धरून पाहायची. तेलकट हात लागला की चेहऱ्यावर बारीक बुडबुडे चिकटतात. भांड्यांच्या साबणाचा हलका हात फिरवला की जातात.

बॅटरी वेगळी घ्या, हे आग्रहाने सांगतो. मोटरच्याच बॅटरीवर जोडलं की मोटर सुरू होताच स्क्रीनभर ठिपक्यांच्या उभ्या रेघा. इंदूरच्याच जेल रोडवरून यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आणली, दोन्हीकडच्या वायरी एकमेकींपासून लांब ठेवल्या, रेघा गेल्या. मशीन साधारण पाव अ‍ॅम्पिअर खातं, त्यामुळे दिवसभराची काळजी नाही. वायरीतला फ्यूज मात्र काढू नका.

बसवून झालं की खोली ताडून पाहा. मी दोरीला मीटरमीटरवर गाठी मारून दगड सोडतो. घाटावरचे नावाडीदादा बांबूने तळ टेकून सांगतात. स्क्रीनवरचा आकडा ट्रान्सड्यूसरपासूनचा असतो, तेव्हा तो पाण्याखाली जितका आहे तितकी भर सेटिंगमध्ये टाकायची. माशांची चित्रं दाखवणारी सोय बंदच ठेवा. कमान वाचायला शिका: मासा आवाजाच्या झोताच्या कडेला असताना अंतर जास्त, मधोमध आला की कमी, परत जास्त, म्हणून कमान होते. बोट आणि मासा दोन्ही थांबले तर नुसती रेघ दिसते. २०० किलोहर्ट्झचा झोत सुमारे १५ अंशांचा. १० मीटर खोलीवर तो जेमतेम अडीच मीटर रुंदीचा तळ पाहतो. ७७ चा झोत ४५ अंशांचा, तिथेच आठ मीटरच्या वर. महेश्वरचा काळा बेसॉल्ट जाड, ठळक रेघ देतो आणि खाली तिचीच दुसरी छाया. गाळ पातळ आणि फिका. खडकाला लागून खोल डोह उतरतो तिथे बाडस असण्याची शक्यता जास्त. बाडस म्हणजे महसीर, मध्य प्रदेशचा राज्यमासा. तो लागला तर हात ओले करून, पाण्यातच सोडवून जाऊ द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

गळ टाकायच्या जागेची परवानगी आधी विचारा. १६ जून ते १५ ऑगस्ट प्रजननकाळाची बंदी असते, तेव्हा बोट घरीच. वर ओंकारेश्वर धरणातून पाणी सुटलं की पातळी बदलते, म्हणून लाइफ जॅकेट अंगातच असू द्या, आणि नर्मदा खडकांतून अनेक धारांनी वाहते त्या सहस्रधारेच्या बाजूला हवेची बोट अजिबात नेऊ नका. इंदूरजवळचे सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ पासून रामसर स्थळं आहेत. ती पक्ष्यांना राहू द्या.

एक तक्रार आहे: केबलच्या जोडाच्या पिना मार्चपर्यंत हिरवट पडल्या. आता दर वेळी कोरड्या कापडाने पुसून टोपण लावतो. आणि जे काठावरूनच गळ टाकतात त्यांनी एवढ्या खटाटोपात पडू नये. दोरीला बांधून फेकायचा, फोनवर दिसणारा डीपरसारखा गोळा त्यांना पुरतो.